टेन्शनची चकती

या ब्लॉगवर मी एरवी गळे, बाह्या आणि मुंढ्याची मापं यांबद्दल लिहिते. बोट-नेकचं कटिंग पुढच्या वेळी नक्की टाकते. मागच्या रविवारी दुकानातलं वरचं कपाट आवरताना एक ब्लाऊज हाती लागला, आणि त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचेना.

जांभळ्या खणाचा ब्लाऊज. आत अस्तर, पाठीच्या गळ्याला पायपिन, उजवा मुंढा अगदी सुबक बसलेला. डाव्या मुंढ्याची टीप मात्र तीन ठिकाणी भरकटलीय. पहिल्या ठिकाणी थोडीशीच, पाव इंच असेल. दुसऱ्या ठिकाणी टीप मार्जिन सोडून थेट बाहीत घुसलीय आणि तिथे दोऱ्याचा गुंता झालाय. तिसऱ्या ठिकाणी मी मशीन थांबवलं होतं, कारण तोवर डाव्या हाताने कापड ओढलं होतं. मी ओढलं नव्हतं. हाताने ओढलं होतं. हा फरक लोकांना समजावून सांगण्यात माझा पुढचा दीड महिना गेला.

साल २०१८, पितृपक्ष. या पंधरवड्यात गिऱ्हाईक नवं कापड शिवायला टाकत नाही, पण नवरात्राचे नऊ रंग आधीच येऊन पडलेले असतात. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत माझं दुकान आहे. दुकान कसलं, दोन मशीनं आणि एक कटिंगचं टेबल मावेल एवढी जागा. हेमिंग आणि हुका लावायला एक मावशी येतात. त्या वर्षी कापडांच्या पिशव्या टेबलाखाली मावेनात म्हणून आम्ही त्या जिन्यात ठेवल्या होत्या.

आधीच्या चार-सहा महिन्यांत बारीकसारीक तक्रारी चालूच होत्या. सकाळी बोटं आखडलेली असायची, साडेनऊपर्यंत कैची धरवत नसे. मी म्हटलं, बारा वर्षं कैची चालवल्यावर बोटं दुखणारच. केस गळत होते, ते ठाण्याच्या पाण्यावर ढकललं. तोंड यायचं, त्याला बी-कॉम्प्लेक्स. मे महिन्यात घोडबंदर रोडला एका लग्नाला गेले तर उन्हाने दोन्ही गाल आणि नाकाचा शेंडा लालबुंद झाला आणि आठ दिवस तसाच राहिला. तेव्हा फेशियल करणाऱ्या बाईला दोष दिला. प्रत्येक दुखण्याला वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

हाताचं सुरू झालं ते चहापासून. कप ओठाकडे नेताना मध्येच मनगट वळलं आणि चहा ओढणीवर. मग टाचण्यांचा डबा उडाला. मग मशीनवर बसले की डावा पाय पायट्यावरून निसटायला लागला. मावशी म्हणाल्या, "ताई, लक्ष कुठंय आज?" एक जुनी गिऱ्हाईक फिटिंगला आली होती, तिच्या खांद्याला माझा हात लागला, तर तिने जरा विचित्रच पाहिलं.

मग मी एक युक्ती शिकले. शिकले म्हणजे आपोआप जमली. हात उडाला की तो तसाच पुढे नेऊन कानामागे केस सारायचे. नाहीतर ओढणी सावरायची. बोटं मुडपली तर टेबलावरचा दोरा उचलायचा. पाहणाऱ्याला वाटावं, बाई जरा चुळबुळी आहे. पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे गेले तेव्हा त्यांनी मी तिसऱ्यांदा केस मागे सारल्यावर विचारलं, "केस आहेतच कुठे पुढे?" मी वेणी घातलेली होती. असे पेशंट नको असलेली हालचाल कामाच्या हालचालीत लपवतात, हे म्हणे त्यांना पहिल्या वर्षीच शिकवतात. मला वाटत होतं ही माझी हुशारी.

एक गोष्ट मशीनवाल्यांना चटकन कळेल. कंप म्हणजे मशीनची टीप. एकसारखी, तालात, मोजता येईल अशी. माझ्या आजोबांचा हात तसा हलायचा, पार्किन्सनमुळे. माझ्या हाताला ताल नव्हता. कधी मनगट, कधी करंगळी, कधी खांदा, मग ओठाचा डावा कोपरा. पुढची कुठून येईल ते सांगता यायचं नाही. आणि थांबवायचा प्रयत्न केला की दुसरीकडून निघायची.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, नाडी पाहिली आणि विचारलं, "झोपेत होतं का?" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाही." "लोकांसमोर वाढतं का?" "हो." "मग टेन्शन आहे. सीझन आहे ना तुमचा?" झोपेची अर्धी गोळी लिहून दिली.

मला दुकानात येऊन हसूच आलं. कारण माझ्या मशीनलाही टेन्शन असतं. पुढच्या बाजूला दोन गोल चकत्या असतात, त्यांच्यामधून वरचा दोरा जातो. बाहेरच्या बाजूला स्प्रिंग आणि स्क्रू. चकत्या दोऱ्याला धरून ठेवतात, लागेल तेवढाच सोडतात. स्क्रू ढिला झाला की वरून टीप बरी दिसते आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचे झुपके. नवी मुलगी शिकायला आली की मी तिला हेच पहिलं सांगते: खाली झुपके दिसले की बॉबिनला शिव्या घालू नकोस, वरचं टेन्शन बघ. डॉक्टर शब्द बरोबर बोलले होते, फक्त चकती कुठली ते त्यांना कळलं नाही.

घटस्थापना झाली. शेजारच्या काकू देवीला ओटी भरायला निघाल्या होत्या. दारात थांबून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नवरात्र आहे. तुमच्याकडे देवीचं काही करायचं राहिलंय का, विचारा एकदा कुलाचाराचं." वाईट हेतूने नाही बोलल्या. पण मला भीती वाटली ती याची, की आता माझा खांदा आरतीच्या वेळी उडाला तर कोणीतरी हळदी-कुंकू घेऊन पुढे येईल. मी त्या वर्षी बिल्डिंगच्या आरतीला खाली गेलेच नाही.

गंमत म्हणजे खरं निरीक्षण केलं माझ्या सासूबाईंनी. शिक्षण सातवी, पण नजर सोनाराची. दोन रात्री त्या मोबाइलचा टॉर्च घेऊन आमच्या खोलीत येऊन गेल्या, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला नवऱ्याला म्हणाल्या, "टेन्शनचा माणूस झोपेत दात खातो, बडबडतो. ही ओंडक्यासारखी झोपते. हात एकदम निवांत. उठून बसली की दोन मिनिटांत सुरू. डोक्याच्या डॉक्टरला दाखवा." आणि मग माझ्याकडे वळून, "वेड्याच्या नाही गं, डोक्याच्या."

तीन हात नाक्यापलीकडे एक न्यूरॉलॉजिस्ट आहेत. त्या दिवशी मला त्या नाक्याचं नाव अजिबात आवडलं नाही. मला माझे दोनच आवरत नव्हते. पिशवीत हा जांभळा ब्लाऊज घेतला होता, कारण तपासायच्या वेळी हात नेमका शहाण्यासारखा वागेल अशी मला खात्री होती. तसं काही झालं नाही. डॉक्टरांनी दोन्ही हात समोर धरायला सांगितले, डोळे मिटून. मग जीभ बाहेर काढा आणि ठेवा. जीभ दोन सेकंदांत आत पळाली. पुन्हा काढली, पुन्हा पळाली. मग त्यांची दोन बोटं मुठीत घट्ट धरायला सांगितली. मला वाटत होतं मी घट्ट धरलीयत. ते म्हणाले, "तुमची मूठ सैल-घट्ट, सैल-घट्ट होतेय. दूध काढल्यासारखी." गाईची धार काढताना हात जसा चालतो, तसा. पुस्तकातही या लक्षणाला असंच काहीतरी गवळणीवरून नाव आहे म्हणे.

मग मी ब्लाऊज काढला. त्यांनी तो दिव्याखाली पसरला आणि टिपेवरून बोट फिरवलं. "डावीच बाजू बिघडलीय." मी म्हटलं, तसं नाही डॉक्टर, ब्लाऊजची डावी बाजू शिवायलाही दोन्ही हात लागतात. उजवा मुंढा सकाळी शिवला, डावा संध्याकाळी दमल्यावर. पण हो, बिघडतो तो माझा डावाच हात आणि डावाच पाय. ते हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

नाव सांगितलं, कोरिया. नवऱ्याने गंभीरपणे विचारलं, "उत्तर की दक्षिण?" तो घाबरला की असंच बोलतो. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ नाच. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात. कुठली हालचाल सोडायची आणि कुठली दाबून ठेवायची, हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा. ती पकड ढिली झाली की नको त्या हालचाली मोकळ्या सुटतात. मी म्हटलं, म्हणजे टेन्शनची चकती. त्यांना ते समजावून सांगण्यात माझी पाच मिनिटं गेली, बाहेर रांग होती, पण त्यांनी ऐकून घेतलं. आणि झोपेत थांबतं म्हणून मनाचं, असं नसतं. अशा बहुतेक हालचाली झोपेत शांत होतात आणि मनावर ताण आला की वाढतात. एकाच खुणेवरून एका डॉक्टरांनी टेन्शन ठरवलं आणि सासूबाईंनी मेंदू.

मग शोध सुरू झाला, की चकती ढिली कशाने झाली. लहानपणी घसा धरून सांधे सुजले होते का? संधिवाताच्या तापानंतर मुलांना हाच त्रास होतो. सिडनहॅम नावाच्या इंग्रज डॉक्टरने सतराव्या शतकात त्याचं वर्णन करून ठेवलंय. घराण्यात कुणाला? तो हंटिंग्टनचा, पिढीजात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवून बुबुळाच्या कडेला तांब्याची कड आहे का ते पाहिलं. विल्सनच्या आजारात असते. थायरॉइड. गरोदरपणाची चाचणी, कारण गरोदरपणातही कोरिया उपटतो. एमआरआय केला, तो स्वच्छ आला. मला वाटलं झालं, आता पुन्हा टेन्शनवर येणार.

पण डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले जे तोवर कुणी विचारले नव्हते. पाळीच्या गोळ्या घेता का? घेत होते, जूनपासून, अनियमित पाळीसाठी, इस्ट्रोजेन असलेल्या. त्याच दिवशी बंद केल्या. आणि दुसरा: कधी गर्भपात झालाय का, आणि तेव्हा रक्ताच्या कुठल्या तपासणीत काही वेगळं आलं होतं का?

इथे मला जरा थांबावं लागतंय.

२०१४ साली मला दिवस राहिले होते. नेहमीच्या तपासण्या केल्या, त्यात व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. ही तपासणी गुप्तरोगाची. लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने रिपोर्ट दिला तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. पक्क्या तपासणीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आमच्या घरात कुणी कुणाला एका शब्दाने काही विचारलं नाही. सासूबाई माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. नववा दिवस उजाडला, पक्की तपासणी निगेटिव्ह आली, नवऱ्याचीही निगेटिव्ह. पहिलीत "कधीकधी असं येतं" म्हणाले आणि विषय मिटला. बाराव्या आठवड्यात पोट पडलं. तेही "कधीकधी होतं". टॉवेल पुन्हा सगळ्यांच्या दोरीवर आला.

डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. व्हीडीआरएलच्या तपासणीत जे रसायन वापरतात त्यात कार्डिओलिपिन असतं. बैलाच्या हृदयातून पहिल्यांदा वेगळं काढलं म्हणून नावात कार्डिओ. काहींच्या रक्तात याच जातीच्या स्निग्ध पदार्थांविरुद्ध प्रतिपिंडं असतात. ती त्या रसायनाला जाऊन चिकटतात आणि तपासणी खोटीच पॉझिटिव्ह येते. हीच प्रतिपिंडं रक्त गोठवतात, गर्भ टिकू देत नाहीत, आणि मेंदूच्या त्या पुंजक्यांनाही डिवचतात असं मानतात. चार वर्षांपूर्वी माझं चारित्र्य काढलं, आता माझं लक्ष कुठंय म्हणून विचारलं, ते दोन्ही बहुधा एकाच गोष्टीने.

रिपोर्ट आले. एएनए पॉझिटिव्ह, डीएस-डीएनए वाढलेलं (ही दोन्ही स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं), सी-३ आणि सी-४ ही रक्तातली संरक्षक प्रथिनं खाली. लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह. हे नावही फसवं आहे. लॅबच्या नळीत याच्यामुळे रक्त गोठायला उशीर लागतो म्हणून असं नाव पडलं, शरीरात मात्र ते गुठळ्या करतं. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. म्हणजे बोटं, केस, तोंड येणं, गाल, सगळं एकाच पिशवीतलं निघालं. त्या आजाराचं नाव सिस्टेमिक लुपस, शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. लुपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. दहा रुग्णांत नऊ बायका, बहुतेक ऐन उमेदीच्या वयातल्या. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने लुपस मेंदूला आणि नसांना कुठकुठे त्रास देतो याची १९ प्रकारांची यादी केली, त्यात कोरिया आहे. पण शंभर लुपसवाल्यांत दोन-तीन जणांना होत असेल तर होतो, आणि कधीकधी तो सगळ्यात आधी हजर होतो, बाकीच्या आजाराला अजून नावही मिळालेलं नसताना. त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांवर माझा राग आता राहिलेला नाही. झोपेच्या गोळीवर आहे.

तीन दिवस ॲडमिट होते, सलाइनमधून स्टेरॉइड. मग तोंडाने प्रेडनिसोलोन, तेही स्टेरॉइडच, लुपस आवरायला रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन ७५, आणि हालचाली आवरायला टेट्राबेनाझिन, अर्धी गोळी दोनदा. या शेवटच्या गोळीने हात आठवडाभरात निम्मा शांत झाला, पण मन इतकं खाली गेलं की मी कापडाचे रंग बघूनही रडायचे. उदास वाटू शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, म्हणून फोन केला. डोस कमी केला आणि जानेवारीत पूर्ण बंद. तोवर स्टेरॉइडने काम केलं होतं.

स्टेरॉइडने बाकीचंही काम केलं. चेहरा पुरीसारखा. मी आरशात बघायचं टाळलं, पण टेपला कोण फसवणार? नोव्हेंबरात स्वतःचं माप घेतलं तर छाती अडीच इंचांनी वाढलेली, आणि दंड होता तेवढाच. असं माप मी जन्मात कुणाचं घेतलं नव्हतं. स्वतःसाठी नवं पेपर कटिंग करून तीन ब्लाऊज शिवले, आत भरपूर मार्जिन ठेवून. उन्हाळ्यापर्यंत एकेक टीप आत घेत गेले.

सीझन अर्थातच बुडाला. सत्तावीस ब्लाऊज नौपाड्यातल्या दोन ओळखीच्या शिवणाऱ्या बायकांमध्ये वाटले. खणवाल्या गिऱ्हाइकाला मावशींनी नवं कापड आणून शिवून दिलं, आणि हा माझ्याकडे राहिला.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आयुष्यभराची गोळी, वजनाच्या हिशोबाने द्यायची, डोळ्याचा पडदा ठरावीक काळाने तपासायचा. तिची खरी किंमत कळली २०२० च्या मार्चमध्ये, जेव्हा कोरोनावरचं औषध म्हणून सगळं जग तिच्यामागे लागलं. एरवी स्ट्रिपच्या स्ट्रिपा मिळणारी गोळी ठाणे स्टेशनपासून वर्तकनगरपर्यंत एका दुकानात मिळेना. केमिस्ट म्हणाला, "कोरोनासाठी हवीय का?" नवऱ्याने जुनी प्रिस्क्रिप्शन्स, फाइल, सगळं पुढे ठेवलं. बावीस गोळ्या मिळाल्या. मी त्या दिवसाआड घेऊन पुरवल्या, डॉक्टरांना विचारूनच. पुढच्या वर्षी स्टेरॉइड कमी करताना पावसाळ्यात करंगळी पुन्हा वळवळायला लागली. आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ काढले, सकाळचा, दुपारचा, दमल्यावरचा, आणि ते घेऊन गेले. कुणाच्या घरात असं काही दिसत असेल तर भांडण्याआधी व्हिडिओ काढा. दवाखान्यात शब्दांवर वाद होतो, व्हिडिओवर होत नाही. आमच्याकडे तो नव्हता, ब्लाऊज होता.

व्हीडीआरएलचं मी सासूबाईंना सांगितलं ते निदानानंतर महिन्याभराने, दोघी मेथी निवडत असताना. कार्डिओलिपिन वगैरे नाही, एवढंच की तेव्हाची ती तपासणी याच आजाराने फसली होती. त्यांनी जुडी खाली ठेवली. "मग तेव्हाच का नाही सांगितलं कुणी?" म्हणाल्या. मी म्हटलं, कुणाला माहीत नव्हतं, आई. त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. टॉवेलचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

आता दुकान साडेअकराला उघडते, छत्री आणि पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून, मध्ये चहाला घरी येते. सासूबाई समोर बसून टीव्ही बघतात, म्हणजे टीव्हीकडे तोंड करून माझा डावा हात बघतात. मला कळतं. म्हणून मी कप डाव्या हातातच धरते, काठोकाठ भरलेला.